पांढरी पाच

एस्तेरबाईंबद्दल मी चारचौघांत एकदाच बोललो, आणि तेव्हा खोटं बोललो.

शाळेच्या हॉलमध्ये त्यांची शोकसभा होती. जुना सहकारी म्हणून मला उभं केलं. मी त्यांच्या पियानोबद्दल बोललो, लोकांना हसवायच्या त्यांच्या तऱ्हांबद्दल बोललो आणि शेवटी म्हणालो, "त्यांचे ते कार्यक्रम अचानक का बंद पडले, हे आम्हा सहकाऱ्यांना कधी कळलंच नाही." समोरच्या लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो, रुमालानं मान पुसली. कारण मला माहीत होतं. मला एकट्यालाच पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता पन्नाशी उलटली आहे. जे त्या सभेत बोलायला हवं होतं, ते इथं लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी मी पुण्याहून शिकून आलो आणि सोलापुरात इंग्रजीचा मास्तर म्हणून लागलो. शाळा जुनी, मिशनची. हॉलमध्ये एक उभा पियानो होता, कुणी अमेरिकन मडम मागे ठेवून गेलेली. त्याच मडमेनं एस्तेरबाईंना लहानपणी वाजवायला शिकवलं होतं. बाई शाळेत संगीत आणि शिवण शिकवायच्या. ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, काठाचं पांढरं सुती पातळ. पियानोपाशी बसताना चपला काढून बाजूला ठेवायच्या आणि अनवाणी पायानं खालचे पेडल दाबायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चुलीपाशी चप्पल घालतो का आपण? हितं पण शिजवायचंच असतंय की."

मला तेव्हा वाटायचं, पाश्चात्त्य संगीत या गावात मला एकट्यालाच कळतं. पुण्यात खोलीवरच्या जोडीदाराकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि अकरा-बारा तबकड्या होत्या. त्या ऐकून मला बाकी काही कळलं असेल-नसेल, पण कुठं टाळी वाजवायची नाही, ते पक्कं पाठ झालं होतं.

बाई दर दोन-तीन महिन्यांनी शनिवारी दुपारी हॉलमध्ये पियानो वाजवायच्या. मिलची पहिली पाळी सुटल्यावर. कुणीही यावं. आणि कोण कोण यायचं! पोरांच्या आया, मिलमधले लोक, साखर पेठेतली विणकर मंडळी, कुणाची अक्कलकोटहून आलेली कानडी सासू. पियानो स्टेजवर नसायचाच. बाईंनी तो खाली आणवून मधोमध ठेवला होता आणि भोवती सतरंज्या, एका बाजूला शिक्षकांसाठी चार खुर्च्या. पुढची फळी काढून ठेवायच्या, म्हणजे आतल्या हातोड्या नाचताना दिसायच्या. "गाणं कळलं नाही तर हातोड्या बघा," असं त्या सांगायच्या, "फुकटात दोन खेळ."

मी ऐकलेला पहिला कार्यक्रम. तीन भागांची रचना होती. पहिला भाग संपतो न संपतो तोच मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

नाटकातल्या पदाला द्यावा तसा. मी लाजेनं खुर्चीत लहान झालो. आता या बाई काय करतात बघू, म्हणून मान वर केली, तर त्या वळून बसल्या होत्या.

"कुठला वन्स मोअर वो? अख्खा, की तो पळायचा तुकडा?"

"पळायचा!"

बाईंनी पळायचा तुकडा पुन्हा वाजवला. पहिल्यापेक्षा वेगात. मग दुसरा भाग.

स्वर तोडून वाजवणं आणि जोडून वाजवणं यातला फरक त्यांनी सांगितला तो भाकरीवरून. डब्यातून कडक भाकरी काढली, माईक वगैरे काही नव्हताच, दोन्ही हातांनी कडाकड मोडली. "हे ऐका, हे तोडून." मग तुकडा दह्यात बुडवून तोंडात टाकला. "आणि हे जोडून. आवाज आला?" लोक म्हणाले, न्हाय. "मग आता मी वाजवते, तुम्ही सांगायचं, कडक का भिजलेली." पुढची दहा मिनिटं शंभर माणसं एका जर्मन बुवाच्या रचनेवर "कडक!" "भिजली!" असं ओरडत होती. रचनाकारांना त्या बुवाच म्हणायच्या. आणि चुकत कुणीच नव्हतं, ही मला तेव्हा खटकलेली आणि आता कौतुकाची वाटणारी गोष्ट. तबकड्या ऐकून मला जे दोन वर्षांत समजलं, ते त्या बायकांना एका भाकरीत समजलं.

नरसय्या त्या सतरंजीवरच्या मंडळींतलाच. साखर पेठेत पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग चालू करून देणारा. वयानं बाईंच्याच आसपास. घरी तेलुगू, बाहेर दख्खनी हिंदी आणि मराठी एकत्र. एकदा बाईंनी दोन हातांची एक रचना घेतली, जिच्यात एकच ओळ उजव्या हातातून डाव्यात जाते आणि पुन्हा उजव्यात येते. त्यांनी हॉलचे दोन भाग केले. "हा धोटा आहे. मागातून जातो तसाच जाणार. तुमच्या बाजूला आला की हात वर करायचे. चुकला तो उभा राहील." सुरुवातीला हात शिस्तीत वर-खाली झाले. मग दोन्ही हातांत एकदमच ओळ सुरू झाली आणि सगळ्या हॉलचे हात वर. नरसय्या उभा राहून ओरडला, "बाई, दोन धोटे एकदम सोडले तर सूत तुटंल की वो!"

"तुटत नाही, तीच तर बुवांची करामत!" बाई न थांबता वाजवता वाजवता ओरडल्या.

त्यांची खरी करामत मात्र घडली अपघातानं. एका मार्चमधली गोष्ट. ऊन असं, की हॉलचा पत्रा तडतडत होता. वाजवता वाजवता आत काहीतरी कट्‌ झालं, आणि मधली पांढरी पाच मुकी झाली. पियानोवर काय किंवा पेटीवर काय, पट्टीला आपल्याकडे तिच्या रंगानं आणि क्रमानं ओळखतात. काळी एक, पांढरी पाच. ही बरोबर मधली. तिच्यावाचून एक ओळ पुढं सरकायची नाही. बाईंनी ती दाबली, नुसता लाकडाचा ठक्‌ आवाज. हातोडीची दांडी उन्हानं तडकली होती.

"आवाज कुटं गेला वो बाई?" नरसय्यानं विचारलं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "तुमच्यातच कुणाकडं तरी आला असंल. द्या परत."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ पुन्हा सुरू केली, त्या पट्टीशी येऊन थांबल्या आणि एक बोट वर केलं. मग नरसय्यानं तोंड उघडून "आ" केलं. भजनात बसणारा माणूस, स्वर स्वच्छ लागला. बाईंचं बोट खाली आलं आणि ओळ पुढं गेली. पुढच्या वेळी वीसेक माणसं होती. कार्यक्रम संपेपर्यंत अख्खा हॉल पांढरी पाच झाला होता. बोट वर झालं की शंभर गळ्यांतून तो एक स्वर यायचा, त्याच्यावर पाय देऊन पियानो पुढं जायचा. घरी जाताना बायका एकमेकींना सांगत होत्या, "आज आपण पण वाजवलं."

दुसऱ्या दिवशी नरसय्या सुटीच्या वेळी हत्यारं घेऊन आला. पियानोची वरची झाकणी मी धरली. त्यानं तडकलेली दांडी सरसानं सांधली आणि वरून मागाचं पांढरं सूत गच्च गुंडाळलं. बाईंनी पट्टी दाबली. खणखणीत वाजली.

"झालं बगा. आता मानसांची गरज न्हाय."

बाईंनी पट्टी आणखी दोनदा दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "नरसय्या, थोडा दोरा द्या."

त्यांनी हातोडीच्या मानेला फास घातला आणि ती मागे ओढून बांधून टाकली. पट्टी दाबली. ठक्‌. पुन्हा मुकी.

"कार्यक्रमाच्या दिवशी बांधायची, इतर दिवशी सोडायची. हे आपल्या तिघांत."

मी म्हणालो, "बाई, ही लबाडी नाही का?"

"पोराला चालायला शिकवताना आपण हात सोडतो. तेव्हा आपला हात मोडलेला असतोय का, मास्तर?"

पुढं दोन वर्षं तो खेळ चालला. एवढ्या हातोड्यांत एक पांढरा दोरा कोण बघणार? लोकांना पक्कं वाटायचं, बाईंचा पियानो अधू आहे आणि आपल्यावाचून त्याचं चालत नाही. कुणी सर्दी झाली तर निरोप पाठवायचं, "या शनिवारी मला न्हाय जमणार, गळा बसलाय." जणू बदली माणूस बघायला हवा.

आता माझी गोष्ट.

एका शनिवारी बाईंनी नवा खेळ काढला. सगळ्यांनी मिळून गाण्याऐवजी त्या बोट दाखवतील त्या एकट्यानं स्वर द्यायचा. एका मिलवाल्यानं दिला, एका म्हातारीनं दिला. मग बोट माझ्याकडे आलं. मी पुढच्या रांगेत, खुर्चीवर, शर्ट आत खोचलेला. समोर सतरंजीवर माझ्या वर्गातल्या मुली. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते पांढऱ्या पाचच्या बरंच वर गेलं. बाईंनी मान तिरकी करून ऐकलं.

"मास्तर, ही साडेपाच झाली की!"

हॉल फुटला. हसण्यात काहीही वाईट नव्हतं. आधीच्या दोघाचौघांनाही लोक असेच हसले होते, आणि तेही हसले होते. मला हसता आलं नाही. सोमवारी फळ्यावर कुणीतरी "५॥" लिहून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मी गावातल्या एका दैनिकाला लेख पाठवला. खाली नाव "एक रसिक". मथळा, "पियानोवादन की पोरखेळ?" भाषेवर मेहनत घेतली होती. अभिजात संगीताची विटंबना, श्रोत्यांना शिस्त न लावणं, भाकरी, वन्स मोअर, सगळं घेतलं. एवढ्यावर थांबलो असतो तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. पण लेखाला शेवट जोरकस हवा होता. मी लिहिलं, "आणि ज्या मुक्या पट्टीसाठी भाबडे श्रोते घसा कोरडा करतात, ती मुकी नाहीच. कार्यक्रमापूर्वी तिची हातोडी दोऱ्यानं बांधून ठेवली जाते. झाकण उचलून पाहावे."

लोकांनी झाकण उचलून पाहिलं. पट्टी खणखणीत वाजत होती आणि हातोडीपाशी सोडलेला दोरा लोंबत होता.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष चिडले. शाळेचं वाद्य मुद्दाम मुकं करून ठेवता? मुंबईहून पियानो दुरुस्त करणारा माणूस बोलावला. त्यानं नवी हातोडी बसवली, नरसय्याचं सूत कचऱ्यात गेलं. हे एक झालं. दुसरं त्याहून वाईट. साखर पेठेतल्या लोकांना वाटलं, बाईंनी दोन वर्षं आपली गंमत केली. आपल्याला आपण वाजवतोय असं वाटत होतं आणि बाई मनात हसत होत्या. आणि बाईंच्या बाजूच्या लोकांना वाटलं, दोऱ्याचं नरसय्यानंच बाहेर सांगितलं, कारण आत हात घातलेला तोच. पेठेत तो फसवणुकीतला साथीदार ठरला, इकडे चहाडखोर; दोन्हीकडून त्याच्यावर आलं. एकदा सात रस्त्यावर तो समोरून सायकलवर आला. मला बघून उतरला आणि म्हणाला, "मास्तर, तुमी तरी सांगा की त्यास्नी, मी कुनाला बोललो न्हाय." मी म्हणालो, सांगतो.

नाही सांगितलं. नरसय्या अजून आहे, ऐंशीच्या पुढचा. हे छापून आलं की अंक घेऊन मी त्याच्याकडे जाणार आहे. वाचून मलाच दाखवावं लागेल.

त्यानंतरचा कार्यक्रम मंडळानं ठरवला. पियानो स्टेजवर चढला, पुढची फळी बसली, खाली खुर्च्या आल्या. दारात छापील कार्ड देत होते : "कार्यक्रम चालू असताना शांतता राखावी. टाळ्या शेवटी वाजवाव्यात." माझ्या लेखातली सगळी शिस्त तिथं आली होती. पूर्वी सतरंज्यांवर बसणारी पंधरा-वीस माणसं मागच्या खुर्च्यांवर अवघडून बसली होती. नरसय्या नव्हता.

बाई आल्या, चपला काढल्या, नमस्कार करून बसल्या. इतकं निर्दोष वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. एवढी वर्षं त्या खेळात सांडत होत्या ते सगळं त्यांनी वाजवण्यात घातलं. कुणी खोकलंही नाही. मग शेवटच्या रचनेत ती जुनी ओळ आली. हात पांढऱ्या पाचपाशी आला. पट्टी आता चांगली होती, दाबली असती तर वाजली असती. बाईंनी दाबली नाही. बोट वर केलं, आणि थांबल्या.

किती वेळ थांबल्या असतील? दोन श्वास. तीन. मागच्या खुर्च्यांवरची माणसं हातातल्या कार्डाकडे बघत होती.

मला तो स्वर येत होता. साडेपाच म्हणून हसले त्या दिवसापासून महिनाभर मी मोकळ्या वर्गात पेटीवर पांढरी पाच दाबून गळा तिच्यावर बसवला होता. माझ्या तोंडात तो तयार होता, नुसते ओठ उघडायचे होते. मी एकट्यानं "आ" केलं असतं तर मागच्या माणसांनी उचललं असतं, मला खात्री आहे. पण मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. मी कार्डाची घडी घातली.

बाईंनी बोट खाली आणलं आणि पट्टी दाबली. स्पष्ट, गोल आवाज आला. ओळ पुढं गेली. शेवटी टाळ्या झाल्या, कार्डावर लिहिल्याप्रमाणे.

त्यांनी पुन्हा कार्यक्रम केला नाही. मंडळानं विचारलं तर म्हणाल्या, "आता पियानो चांगला झालाय. कुणीही वाजवंल." सकाळच्या प्रार्थनेला तेवढ्या बसायच्या. पण भाकरी मोडताना अजूनही शिक्षकखोलीत कुणाकडे तरी बघून "कडक!" म्हणायच्या, आणि माझ्याशी पहिल्यासारख्याच वागायच्या. ते पहिल्यासारखं वागणं मला चार वर्षं पुरलं.

निवृत्त झाल्यावर त्या बहिणीकडे मिरजेला निघाल्या. कुर्डुवाडीला गाडी बदलून जायचं. मी स्टेशनवर गेलो. आज सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. तर बाकावर त्यांच्याशेजारी नरसय्या. लेख छापून आला त्याच आठवड्यात बाई त्याच्या घरी जाऊन चहा पिऊन आल्या होत्या, हे मला तिथं कळलं. त्यानं त्यांच्यासाठी स्वतः विणलेली चादर आणली होती.

"या मास्तर, बसा. चा घेता?" तो म्हणाला. मग चादरीची घडी सारखी करत म्हणाला, "त्या पेपरात कुनी लिवलं, शेवटपातुर कळलं न्हाय बगा."

मी चहाचा कप हातात घेतला. गाडी लागली. आम्ही ट्रंक चढवली, बाई खिडकीशी बसल्या. नरसय्या त्यांचा फिरकीचा तांब्या भरून आणायला नळाकडे गेला.

"बाई," मी म्हणालो, "तो लेख..."

"झाकण उचललेलं तिघांनी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. धडा समजावून सांगावा तसा होता. "मी लिहिला नाही. आणि नरसय्याला मराठी लिहिता येत नाही, मास्तर."

नरसय्या तांब्या घेऊन आला, त्यांनी आत घेतला. इंजिनानं शिट्टी दिली. गाडी हलायला लागली, तशा बाई गुणगुणायला लागल्या. तीच ओळ. खिडकीच्या गजावर बोटं वाजवत त्या पांढऱ्या पाचपाशी आल्या, थांबल्या आणि माझ्याकडे बघून एक बोट वर केलं.

मी गाडीबरोबर चालत होतो. शेंगावाला होता, हमाल होते, नरसय्या होता. मी तोंड उघडलं आणि "आ" केलं. आवाज कुठं लागला मला कळलं नाही. चार लोकांनी वळून पाहिलं. नरसय्या हसला आणि त्यानंही माझ्या आवाजात आवाज मिसळला. त्याचा बरोबर असणार.

गाडीनं वेग घेतला. खिडकीच्या गजांतून बाईंचा हात बाहेर आला, पाचही बोटं उघडी, मोजून पाच. निरोपाचा म्हणावा, तर तो हलत नव्हता. डबा वळणाआड जाईपर्यंत तो तसाच होता.